टॉवेल

प्रिय सुध्या,

तुझी दोन पत्रं उत्तरावाचून तशीच पडली आहेत, त्याला दोन वर्षं झाली. राग धरू नकोस. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी सगळे बरे.

मला नायटा झालाय. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

उन्हाळा लागला तशी जांघेत खाज सुटली. घामोळं समजून पावडर थापत राहिलो. मग नाण्याएवढं वर्तुळ दिसलं, कड लाल, उचललेली, आणि मधली कातडी जवळजवळ साफ. ऑफिसातल्या एकाने मलम दिलं. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली. मलम सोडलं आणि आठवड्यात मांड्या, कंबर, सगळीकडे पसरलं.

डॉक्टरबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल. ते जोरदार स्टेरॉइड. खाज-सूज दाबतं, पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदही दाबतं. वरून बरं दिसतं आणि खाली बुरशी पसरत राहते. जांघेतली कातडी पातळ, तिथे पांढुरक्या रेघा उठल्यात. त्या आता पूर्ण जायच्या नाहीत.

परत येताना मला तुझा टॉवेल आठवत होता, तुला नायटा झाला होता तेव्हाचा. मी तो काठीने उचलून गॅलरीबाहेर टाकला होता, सगळ्यांदेखत, आणि वर म्हणालो, ‘अंघोळ करत जा.’ तू दोनदा अंघोळ करायचास, मला माहीत होतं. भिंतीकडे तोंड करून कपडे बदलायचास तेही दिसायचं. तुझा टॉवेल मीच वापरतो यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. सुध्या, मीच वापरायचो. हाताला लागेल तो ओढायचो. (नाना अजून म्हणतो, तो टॉवेल मुळात त्याचाच!)

आता सगळं काटेकोर चाललंय. अंघोळीनंतर कातडीच्या घड्या टिपून कोरड्या, सैल सुती कपडे, घामाचा शर्ट आल्याआल्या बदलायचा. कपडे गरम पाण्यात वेगळे, मग उलटे करून कडक उन्हात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. औषध मात्र चट्टा दिसेनासा झाला तरी, बाई थांबवा म्हणेपर्यंत. चट्टा गेला की बहुतेक जण औषध सोडतात आणि मग नायटा परत येतो.

पण हे सगळं सुरू करेपर्यंत उशीर झाला होता. धाकटीच्या दंडावर तसंच वर्तुळ उठलंय. माझ्यामुळेच. तिचं बरं होईल, वेळेत दाखवलंय. काल रात्री मलम लावताना तिने विचारलं, ‘बाबा, शाळेत कुणी विचारलं तर काय सांगू?’ आणि बाही ओढून घेतली. अगदी तू घ्यायचास तशी. मला उत्तर देता आलं नाही. तिच्या वर्गात माझ्यासारखा एखादा असणारच ना?

तुझी नवी नोकरी कशी आहे? दिवसभर साइटवर उन्हात असतोस असं वहिनी म्हणाल्या. सनस्क्रीन दर दोन तासांनी लाव, सकाळी एकदा लावून भागत नाही. पोरांना आशीर्वाद.

त्या दिवशी गॅलरीत मी काय बोलायला हवं होतं, ते लिही. तेच तिला सांगेन. आणि या वेळी तुझ्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देईन.

तुझा,
बंड्या