मंगलाष्टकाचा कागद पस्तीत टाकण्याआधी

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातला आमच्या मावशीचा वाडा रिकामा करायला घेतला, बिल्डरला द्यायचाय, आणि मी पोचेपर्यंत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, काट्यावर चढलेलीसुद्धा होती. वर जुने दिवाळी अंक होते म्हणून खाली कोणी हात घातला नव्हता. मी घातला तर तळाशी घड्या घातलेले गुलाबी, पिवळे, केशरी कागद, सगळे एकेक सुटे. मंगलाष्टकं, मुंजीची पद्यं, बारशाचा पाळणा, गणपतीत गाणाऱ्या मेळ्याची पदं, कोणा हेडमास्तरांच्या निरोप समारंभात म्हटलेलं पद. किलोच्या भावाने चाललं होतं सगळं. ट्रंकच परत घरी आणली. त्याबद्दलच लिहितेय, पत्र लांबलंय पण शक्यतो कापू नका.

मी असे कागद बरीच वर्षं जमवतेय, दीडशेच्या वर झालेत, पण ह्या ट्रंकेतलं एक पान माझ्या घरचंच निघालं. गुलाबी कागद, सोनेरी शाई, वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि कोपऱ्यात अक्षतेचा एक दाणा चिकटलेला, तो निघाला पण कुंकवाचा डाग राहिलाय. आठ कडवी, शार्दूलविक्रीडित वृत्तात, प्रत्येकाच्या शेवटी कुर्यात् सदा मंगलम्. तिसऱ्या कडव्यात नवरीचं माहेरचं नाव आणि सातव्यात सासरी ठेवलेलं. ती नवरी म्हणजे माझी आजी. तिचं माहेरचं नाव आज घरात एकालाही माहीत नव्हतं हो, शाळेचा दाखला नाही, रेशन कार्डावर सासरचं नाव, आणि जे कुठेच लिहिलेलं नव्हतं ते ह्या एका कागदावर छापलेलं होतं, तिच्या दोन आत्यांच्या आणि मामाच्या नावासकट.

खाली मिती होती, माघ वद्य ५ शके १८४६. मी घाईत ७८ मिळवले आणि वहीत १९२४ लिहिलं. नंतर लक्षात आलं की शक चैत्रात बदलतो, म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या लग्नाला ७९ मिळवायचे, तेव्हा ते १९२५ झालं. आपल्याकडे बडोद्यात आणखी एक भानगड, काही पानांवर शक नसतो, संवत असतो, आणि गुजरातचा संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यामुळे त्याच माघात संवत १९८१ असेल तर ५६ वजा करायचे, पण दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७. म्हणून आता मी मिती जशी छापलीय तशीच उतरवते आणि इसवी सन शेजारी वेगळा लिहिते.

मिती नसेल तर चाल बघायची. मेळ्याच्या पदांवर, पाळण्यांवर बारीक अक्षरात ‘चाल’ म्हणून त्या वेळच्या एखाद्या नाट्यपदाचं नाव असतं. मानापमान पहिल्यांदा रंगभूमीवर आलं १९११ साली, तेव्हा त्यातल्या पदाची चाल असेल तर कागद त्याआधीचा असूच शकत नाही. इंग्लंडमध्येही असंच होतं, तिकडे रस्त्यावर एक-दोन पैशाला गाण्याची सुटी पानं विकायचे, वर लाकडी ठोकळ्याने छापलेलं चित्र आणि खाली अमुक चालीवर म्हणा असं. सॅम्युअल पेप्स म्हणून आरमाराच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस, त्याने सतराव्या शतकात अशी १८०० च्या वर पानं जमवली, ती आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत तर जवळजवळ ३०,००० आहेत आणि घरबसल्या बघता येतात.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते स्टीव्ह राउड ह्यांचं काम. हे लंडनमधल्या क्रॉयडनचे ग्रंथपाल होते. त्यांनी लोकगीतांची सूची करायला घेतली आणि प्रत्येक गाण्याला एक नंबर दिला, सुमारे २५,००० गाणी. नाव वेगळं, छापखाना वेगळा, दोन कडवी कमी-जास्त, तरी गाणं तेच असेल तर नंबर तोच. हे वाचल्यावर मी माझ्या वहीत पानांची पहिली ओळ लिहून काढायला लागले, आणि मंगलाष्टकांपाशी अडले, कारण बहुतेकांची पहिली ओळ गणपतीचीच. पहिल्या ओळीवरून काही कळेना. मग प्रत्येक कडव्याची पहिली ओळ लिहिली, फार वेळ गेला, पण त्यातून दिसलं की एकच कडवं तीन वेगळ्या लग्नांत आलंय, फक्त नावं बदललीत, आणि एका ठिकाणी तर नवरदेवाचं नाव चार अक्षरी असल्यामुळे वृत्त मोडलंय. म्हणजे छापखान्यात किंवा कवीकडे तयार कडवी असणार आणि घराप्रमाणे नावं बसवून देत असणार. नुसता गठ्ठा बांधून ठेवला असता तर हे कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे असं काम झालं नाही असं नाही. अ‍ॅकवर्थ म्हणून इंग्रज अधिकारी आणि शाळिग्राम ह्यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे उतरवून १८९१ साली छापले म्हणून ते टिकले. शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची केली, आयुष्य घातलं त्यात. पण ती ग्रंथांची. सुट्या कागदाला वाली नाही. एका लायब्ररीत मी माझी पानं घेऊन गेले तर तिथल्या माणसाने चांगल्या शब्दांत सांगितलं की बाई, हे पुस्तक नाही, ह्याला नंबर देता येत नाही. मला फार लागलं ते. हे बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना इथे आणलं, सेंट्रल लायब्ररी उभी केली, पेटाऱ्यात पुस्तकं भरून गावोगाव पाठवली, आणि ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग १९११ साली इथेच सुरू झाला, देशातला पहिला. त्या गावात आपल्याच आजी-पणजीच्या लग्नातल्या पानांना नंबर मिळू नये?

माझं मागणं फार मोठं नाही. सेंट्रल लायब्ररीने किंवा युनिव्हर्सिटीने ‘सुटी पानं’ म्हणून एक रजिस्टर उघडावं, पान घरीच राहू दे, नोंद आणि फोटो तरी तिकडे असू दे. आणि तुम्ही रविवारच्या अंकात एका पानाचा फोटो छापा, लोक आपापल्या ट्रंका उघडतील.

वाचकांना एवढंच, की फोटो दोन्ही बाजूंचे काढा, मागे कोणीतरी आहेराचा हिशोब लिहिलेला असतो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि कागद खाते. फ्रेम करायची असेल तर दुकानदाराला कडा कापू देऊ नका, माझ्याकडच्या एका पानाची खालची पट्टी अशीच गेली आणि छापखान्याचं नाव तिथेच असतं. कोणाच्या घरातून मिळालं ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा, पानावर पेन चालवू नका. आणि एकाच लग्नाची दुसरी प्रत मिळाली तरी टाकू नका, आजीच्या मंगलाष्टकाची दुसरी प्रत मला रावपुऱ्यात मिळाली तर तिच्यात एका आत्याचं चुकलेलं नाव शाईने सुधारलेलं होतं.

ट्रंकेतल्या सतरा पानांच्या घड्या अजून उघडायच्यात, पावसाळ्यात कागद दमट झालाय, ओढला की फाटतो, म्हणून वहीच्या दोन पानांमध्ये ठेवून सावकाश सुकवतेय. त्यातल्या एकावर मेळ्याचं नाव अर्धवट दिसतंय, ‘बाल’ एवढंच. बडोद्यातल्या कोणत्या जुन्या मेळ्याचं नाव असं सुरू होत होतं ते कोणा वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर ह्याच सदरात लिहून कळवा.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा