संज्या, तुझी कॅमेरो चालवली

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय संज्या,

होस्टेलवर तुझ्या कॉटच्या वर शेव्हरलेच्या कॅमेरोचं पोस्टर होतं, माझ्या कॉटच्या वर फोर्डच्या मस्टँगचं. दोघांनीही त्यातली एकही गाडी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, तरी रात्र रात्र भांडायचो. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मित्राने त्याची २०१८ची कॅमेरो एसएस मला दिवसभर चालवायला दिली. तेव्हा आधी हेच लिहितो: चालवायला तुझी गाडी सरस आहे.

माझ्या मस्टँग जीटीची ताकद ४६० हॉर्सपॉवर, तिची ४५५. एवढा फरक पायाला कळत नाही. कळतो तो वळणावर. कॅमेरोची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, मुळात कॅडिलॅकच्या छोट्या सेडानसाठी केलेली, त्यामुळे स्टेअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मागची चाकं विश्वासाने मागोमाग येतात. माझी त्याच वळणावर आधी थोडी कलते, मग वळते. शिवाय तिचं ६.२ लिटरचं इंजिन तळापासूनच ओढतं. माझ्या पाच लिटरची खरी मजा इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, काटा बराच वर नेल्यावर.

पण आत बसलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं रे. काचा अरुंद, मागचं जवळजवळ काही दिसत नाही, आणि डिकीचं तोंड इतकं लहान की आठवड्याचा किराणा भरताना मी वैतागलो. रोज सकाळी लेकीला मागे बसवून शाळेत सोडायचं असेल, तर मी आजही मस्टँगच घेईन. रोजच्या वापराला सोयीचं असणं हे मस्टँगचं पहिल्यापासूनच आहे. १७ एप्रिल १९६४ला ती आली ती फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या गाडीच्या सांगाड्यावर, २,३६८ डॉलरला. पहिल्याच वर्षात चार लाखांवर खपली. जनरल मोटर्सला उत्तर द्यायला १९६६चा सप्टेंबर उजाडला. कॅमेरो म्हणजे काय, असं पत्रकारांनी विचारलं, तर उत्तर मिळालं: मस्टँग खाणारा एक छोटा हिंस्र प्राणी!

त्यानंतरचं मला सगळ्यात आवडतं. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून जनरल मोटर्सच्या शेव्हरलेने ३०२ घनइंचांच्या, म्हणजे जवळपास पाच लिटरच्या, इंजिनाची कॅमेरो झेड-२८ काढली. १९६९ला फोर्डने मस्टँग बॉस ३०२ आणली, तीही तेवढ्याच इंजिनाची. पुढेही तेच. २००९मध्ये कॅमेरो परतली ती मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन. मस्टँगच्या नेहमीच्या मॉडेलांना मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग अ‍ॅक्सलच होता, तो २०१५च्या मॉडेलात गेला. माझी गाडी वळणावर आज जेवढी बरी वागते, त्यात तुझ्या गाडीचा वाटा आहे असं मी मनापासून मानतो.

डॉजची चॅलेंजर वेगळीच. जड, लांबलचक, मागे मोठी माणसं ऐसपैस बसतील अशी. २०२१मध्ये तिने अमेरिकेत विक्रीत मस्टँगलाही मागे टाकलं. सरळ रस्त्यावर तिचा गडगडाट ऐकायला मी थांबतो, पण वळणांच्या रस्त्यावर ती मला नको.

आणि आता दोघीही नाहीत. चॅलेंजर डिसेंबर २०२३ला कॅनडात ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात थांबली. इथून तास-सव्वा तासावर लान्सिंगला कॅमेरो बनायची, तिचंही २०२४चं मॉडेल शेवटचं ठरलं. मस्टँगसमोर निसान झेड आणि टोयोटा सुप्रा आहेत. दोन्ही छान, पण दोन सीटच्या, आणि आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन नसलेल्या. चार सीट आणि व्ही-८ असलेली, मस्टँगएवढ्या पैशांत मिळणारी दुसरी अमेरिकन कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, शोरूममध्ये उरलेली नाही. माझी बाजू जिंकली म्हणायची, तर मला अजिबात आनंद झालेला नाही. मस्टँगच्या पुढच्या मॉडेलात काय सुधारायचं, हे आता तिला कोण दाखवणार?

पुढच्या ऑगस्टमध्ये ये. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बघत बसतात. कॅमेरो तुझ्यासाठी मित्राकडे आत्ताच मागून ठेवली आहे. इंटरनॅशनल लायसन्स काढून आण. गिअर उजव्या हाताला असतो, पहिला तासभर तुझा डावा हात दारावर आपटणार.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या