उष्टावणाच्या आधी

फैजपूर,
ता. १२ डिसेंबर

संज्या,

छकुलीचं उष्टावण येत्या रविवारी आहे, हे वहिनींकडून कळलं. मला यायला जमणार नाही. त्याच दिवशी केळीची कापणी लागली आहे, गाडी भरायची आहे. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचा पोऱ्या सहाव्या महिन्यात ७.४ किलो होता आणि दहाव्या महिन्यात ७.७. चार महिन्यांत फक्त ३०० ग्रॅम! त्याला उपाशी ठेवलं नव्हतं रे. दिवसातून चारदा भरवत होतो. वरणाचं पाणी, भाताची पेज, दुधात बुडवलेलं बिस्किट आणि मळ्यातलं केळं, रोज हेच. दुसरं काही द्यायचं म्हटलं की आई म्हणायची, "दात नही शेत त्याले, काय चावी तो?" आम्हालाही ते पटायचं.

अंगणवाडीतल्या ताईंनी कार्डावर वजनाचा ठिपका मारला. रेघ वर चढायला हवी होती, ती आडवी पडली होती. त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" मी सांगत गेलो, त्या बोटं मोजत गेल्या. आईचं दूध, धान्य, वरचं दूध, केळं. बोटं चारावर थांबली. मी म्हटलं, "आणि वरण?" त्या म्हणाल्या, "पाणी मी धरत नाही दादा, त्यात डाळ कुठे आहे?"

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आठ प्रकारांपैकी निदान पाच रोज पोटात जायला हवेत, हे मला तेव्हा कळलं. उरलेले चार म्हणजे डाळी-शेंगदाणे, अंडी, मांस-मासे आणि गाजर, लाल भोपळा, हिरवा पाला यांसारख्या भाज्या. मूल पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिन्यांत सरत येतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणून दूध दोन वर्षं चालू ठेवायचंच, पण लोह ताटातून द्यायचं. शिवाय एवढ्याशा पोटात पाणीच भरलं तर वजन वाढणार कशानं? घास चमच्यावरून ओघळू नये, इतका घट्ट हवा.

मग आम्ही घरातलंच द्यायला लागलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी घट्ट वरणात कुस्करून, वर तुपाची धार आणि दोन थेंब लिंबू. भरताचं वांगं भाजलं की मिरची पडायच्या आत त्याचा वाटा काढायचा. मऊ फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले गोळे, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. अख्खा दाणा मात्र कधीच देऊ नकोस, घशात अडकतो. लाल भोपळा त्यानं सात-आठ वेळा थुंकला आणि नंतर एक दिवस वाटी पुसून खाल्ला. दोनदा थुंकला म्हणून आम्ही आधी कितीतरी पदार्थ बंद केले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अंड्याचं अवघड होतं. आई माळकरी, तिच्या चुलीवर अंडं चढणं शक्य नाही आणि तिचं मन मला मोडायचं नव्हतं. मळ्यातल्या खोलीत स्टोव्ह ठेवला, तिथे उकडून भरवायचो. आईला ठाऊक होतं, ती काही बोलली नाही. वर्षाचा झाला तेव्हा वजन ८.६ भरलं. त्या दिवशी संध्याकाळी ती स्वतःहून शेंगदाणे भाजायला बसली.

तुमच्याकडे अंड्याची अडचण नाही. उष्टावण झालं की पहिल्या महिन्यापासूनच दे, नीट उकडून. उष्टावणाला कुणी मध चाटवायला निघालं तर मोठ्या माणसांचा राग पत्कर, पण वर्षाच्या आत मध देऊ नकोस. त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. चहा-बिस्किट तर नकोच.

रविवारी मामाच्या हातून खीर होऊ दे. सोमवारपासून दोन-तीन चमचे घट्ट मुगाचं वरण सुरू कर, आणि वजनाच्या कार्डाचा फोटो मला दर महिन्याला पाठव.

तुझा,
दिल्या