पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन संपलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ब्रेस्ट कॅन्सरवरचा लेख वाचला. लेख बरा होता म्हणेपर्यंत ती चौकट दिसली, 'पाळी गेल्यावर शरीरात इस्ट्रोजेन तयार होत नाही'. अहो, मी ६३ वर्षांची, पाळी जाऊन बारा वर्षं झाली आणि गेल्या वर्षी जी गाठ काढली ती रिपोर्टप्रमाणे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवरच पोसलेली. मग ते आलं कुठून, शेजारणीकडून उसनं?

अंडाशय थांबतं, मान्य. पण अंगातली चरबी इस्ट्रोजेन बनवतच राहते, अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून येणारा कच्चा माल वापरून, अरोमटेज नावाच्या एन्झाइमने. त्याचं जीन एकच, पंधराव्या क्रोमोसोमवर, पण ते चालू करायची बटणं अवयवागणिक वेगळी, वारेचं वेगळं, अंडाशयाचं वेगळं, चरबीचं वेगळं. कुठलंही दाबा, एन्झाइम तेच निघतं. छातीतल्या साध्या चरबीत हे काम जेमतेम चालतं. गाठ झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन वाढतं आणि चक्क अंडाशयाचं बटण दाबलं जातं! म्हणजे मालक रिटायर आणि त्याच्या किल्लीने भलत्याच खोलीत कारखाना सुरू. हे मला माझ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दहा मिनिटांत समजावलं, तुमच्याकडे तर अख्खं पान होतं.

ते अरोमटेज अडवायलाच मी रोज लेट्रोझोलची गोळी घेते. पहिल्यांदा आणायला गेले तर मेडिकलमधला मुलगा प्रिस्क्रिप्शन बघून सगळ्यांसमोर विचारतो, "काकू, सुनेची ट्रीटमेंट चालूय का, बाळासाठी?" मागे आमच्याच सोसायटीतल्या दोघी उभ्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या सुनेला पायऱ्या जपून उतरायचे सल्ले सुरू. त्या पोराचंही चुकलं नाही म्हणा, तरुण बायकांना हीच गोळी पाच दिवस देतात, इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदू अंडाशयाला कामाला लावतो म्हणून. पण एवढं समजावून सांगायला काउंटरवर वेळ कुणाला असतो, मी नुसतं "माझी आहे" म्हटलं तर तो आणखीच गोंधळला.

आता काल तुमची चौकट वाचून नणंदेचा फोन, "वहिनी, इस्ट्रोजेन बनतच नाही म्हणतात, मग ती गोळी बंद करा की, उगाच सांधे दुखवून घेताय." सकाळी बोटं मिटत नाहीत, जिना चढताना गुडघे बोलतात, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम वेगळं. गोळी सोडायचा मोह मला महिन्यातून दोनदा होतो, त्यात तुमचा हा छापील पाठिंबा! मी नाही सोडली, पण अशी फोन करणारी नणंद घरोघरी असते आणि पेपरात आलंय म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो. दुरुस्ती छापा, आणि तीही चौकटीतच, पान सातच्या कोपऱ्यात नको.

जाता जाता, त्या पानावर हसणारी मॉडेल पंचविशीतली होती, आमच्या वयाची एकही बाई मिळाली नाही वाटतं. आणि गुलाबी कागदावर पांढरी अक्षरं कुणाच्या डोक्यातून निघाली? चष्मा लावूनही अर्धा लेख दिसला नाही. ती चौकट मात्र काळ्या ठळक अक्षरांत, तेवढीच सगळ्यांना नीट वाचता आली.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली