लेकराचा शनिवार कागदावर लिहून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात घटस्फोट झालेल्या पुरुषांवर दोन पत्रं आली. एका गृहस्थांचं म्हणणं, कायदे सगळे बायकांच्या बाजूचे आहेत, ते बदला. त्यांना उत्तर देताना एका ताईंनी लिहिलं, की पुरुषाला काय होतंय, वर्ष भरायच्या आत त्याची नवी सोयरीक जुळते. दोन्ही पत्रं वाचून मी अंक गल्ल्याखाली सारला. चार दिवस तो तिथंच होता. पाचव्या दिवशी परत काढून वाचला, तेव्हा ध्यानात आलं की दोघांच्याही पत्रात लेकरू कुठंच नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी औसा तालुक्यात मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून देतो. लग्न २०१४ ला झालं, मुलगा २०१६ चा. बायको माहेरी गेली ती २०१९ च्या दिवाळीत. का गेली ते लिहीत नाही, तिच्या घरीही हाच पेपर येतो. एवढंच सांगतो, की बायकोवर कधी हात उगारला नाही हे मी चारचौघांत फुशारकीनं सांगायचो. भांडण झालं की आठ-आठ दिवस तिच्याशी बोलायचो नाही, ते मात्र कुणाला सांगत नव्हतो.

पहिलं दीड वर्ष मी लोकांशी खोटं बोललो. गिऱ्हाईक मोटार उतरवता उतरवता विचारायचं, "वहिनी दिसंनात?" मी म्हणायचो, माहेरी गेल्यात. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि माझी मोठी सोय झाली. "तिकडंच अडकल्यात." लोकांना लॉकडाऊनचा वैताग होता, मला तो उठूच नये असं वाटत होतं.

तिनं जानेवारी २०२० मध्येच खावटीचा अर्ज टाकला होता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली. (जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचं १४४ झालं आहे, पण कोर्टाच्या पायरीवर अजून सगळे एकशेपंचवीसच म्हणतात.) मला उत्पन्नाचं शपथपत्र द्यायला सांगितलं. मी महिना आठ हजार लिहिलं. खोटं लिहिलं. तिच्या वकिलांनी माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो आणि यूपीआयचा उतारा पुढं ठेवला, तेव्हा न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आदेश झाला: महिना सहा हजार, तोही अर्ज टाकला त्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयानं 'रजनीश विरुद्ध नेहा' या निकालात नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, की खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची. मला ते ठाऊक नव्हतं. चौदा महिन्यांचे ८४,००० रुपये एका दिवसात अंगावर आले.

माझे तेव्हाचे वकील म्हणाले, "एक रुपया भरू नका. दमली की आपोआप तडजोडीला येईल." मला ते लई पटलं, कारण तसंच काहीतरी ऐकायचं होतं. शिवाय तिच्या घरचे लेकरू दाखवत नव्हते. माझा हिशेब सरळ होता: लेकरू नाही तर पैसा नाही. त्यांचा हिशेबही तितकाच सरळ: पैसा नाही तर लेकरू नाही. मग एका सकाळी दोन पोलीस वॉरंट घेऊन दुकानात आले. समोर पाच एचपीची मोटार अर्धी उघडी, मोटारवाला स्टुलावर बसलेला. त्याच्यादेखत मला जीपमध्ये बसवलं. भावजीनं उसने तीस हजार आणून भरले, बाकीचे हप्ते पाडून घेतले, तेव्हा सुटलो. त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. खावटी थकवली की महिन्याला महिनाभर आत टाकता येतं, आणि आत बसून आलं तरी थकबाकी फिटत नाही, ती तशीच उभी राहते. आमच्याकडं बरेच जण उलटं समजतात. दुसरी गोष्ट न्यायाधीशांनी सांगितली. मी म्हणालो, साहेब, मला पोरगा दाखवत नाहीत. ते म्हणाले, "त्याच्यासाठी वेगळा अर्ज करा. तुमचं भांडण मिटेपर्यंत त्यानं दूध प्यायचं नाही का?"

कायद्याची भीती कायद्यापेक्षा मोठी असते, हे वर्गमित्राकडं बघून कळलं. त्याच्यावर ४९८ (बायकोच्या छळाचं कलम) दाखल झाली तेव्हा त्यानं दोन्ही म्हशी पडेल भावात विकल्या आणि दोन महिने पुण्यात लपून बसला. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानंतर, म्हणजे २०१४ पासून, अशा गुन्ह्यात पोलिसांना उठून अटक करता येत नाही. अटक का हवी याची कारणं लिहावी लागतात, नाहीतर आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. व्हॉट्सॲपवर 'पीडित पतीं'चे गट आहेत, त्यात तो होता, मीही होतो. तिथं शिव्या भरपूर मिळाल्या. कलमाचा अर्थ एकानंही सांगितला नाही. आपल्या पहिल्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे, की कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर तालुका विधी सेवा समितीत जाऊन बसा. उत्पन्नाच्या मर्यादेत असलेल्या पुरुषालाही तिथं मोफत वकील मिळतो.

त्याच पत्रातला आत्महत्यांचा आकडा खरा आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी जीव दिला आणि त्यात दहातले सात पुरुष होते. मात्र त्याचं सगळं खापर त्यांनी बायकांवर फोडलं आहे, ते मला मान्य नाही. माझ्यापुरतं सांगतो. खावटीचा आदेश झाला त्या हिवाळ्यात मला झोप नव्हती. रात्रीच्या लाईटवर मोटारी जळायच्या, सकाळी दुकानापुढं रांग लागायची, आणि मी तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजता मोजता चुकायचो. चाळीसच्या आसपास पोचलो की अठ्ठावीस झाले का अडतीस तेच कळायचं नाही. मनात नको ते विचार यायला लागले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मोटार मी भरून दिली आणि ती दुसऱ्याच दिवशी जळाली. टमाट्याला पाणी नाही. तो भांडायला येणार म्हणून मी तयारीत बसलो होतो. तो आला, मोटार खाली ठेवली, आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "काय करायलास बाबा हे? ध्यान कुठाय तुझं?" मी सांगितलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं, तेही धड नाव ठाऊक नसलेल्या माणसाला. तो काही बोलला नाही. दुपारपर्यंत दुकानातच बसून राहिला. जाताना म्हणाला, मोटार पुन्हा भर, पैशे दोन्ही वेळचे घे. मी एकाच वेळचे घेतले.

पुढं आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेलो होतो, तिथं भिंतीवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दिसला. २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लावला तरी चालतो, मराठीत बोलतात. मी तीनदा लावून कट केला. चौथ्यांदा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "जेवण झालं का?" मला हुंदकाच फुटला. त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. गेलो, गोळ्या घेतल्या, सात-आठ महिन्यांत डॉक्टरांनी बंद केल्या. गावात सांगितलं की पित्ताच्या गोळ्या आहेत. बघा, खोटं सुटता सुटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०२३ मध्ये आम्ही संमतीनं फारकत घेतली, हिंदू विवाह कायद्याच्या १३ ब खाली. मध्ये सहा महिने थांबावं लागतं, पण आम्ही साडेतीन वर्षं वेगळं राहत होतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचा आधार घेऊन कोर्टानं ती मुदत माफ केली. तडजोडीचा कागद सात पानांचा होता. त्यातली साडेपाच पानं पैशाची आणि भांड्याकुंड्यांची. तिचं सोनं, रुखवतातली पितळी घागर, कपाट, शिलाई मशीन, एकरकमी रक्कम, ती कोणत्या तारखेला कशी द्यायची. घागरीवरून अर्धा तास घासाघीस झाली. घागर माझ्या आईनं दिली होती का तिच्या आईनं, यावर दोन वकील आणि चार पाहुणे बोलत होते. आणि मुलाबद्दल एक ओळ: "वडिलांना मुलास भेटता येईल."

मी खाली सही केली. कधी भेटता येईल, कुठं, किती वेळ, कोण आणून सोडणार, दिवाळीचं काय, उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय, फोनचं काय, यातलं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी मला फक्त मोकळं व्हायचं होतं.

पुढचे आठ महिने त्या एका ओळीचं मला काहीच करता आलं नाही. कधी पोराची परीक्षा, कधी ताप, कधी पाहुण्यांकडं गेलाय. तिलाही दोष देत नाही, ओळच तशी होती. शेवटी त्याच कायद्याच्या २६ कलमाखाली वेगळा अर्ज केला. हुकूमनामा झाल्यावरही मुलांच्या भेटीसाठी असा अर्ज करता येतो. नव्या वकिलांनी यशिता साहू प्रकरणातला २०२० चा निकाल दाखवला. आई आणि बाप दोघांची माया मिळणं हा लेकराचा हक्क आहे, असं त्यात आहे, आणि प्रत्यक्ष भेट जमत नसेल तिथं व्हिडीओ कॉलचीही सोय सांगितली आहे. हक्क बापाचा म्हणून मी भांडत होतो, निकालात तो लेकराचा निघाला. २०२४ मध्ये आदेश मिळाला: पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक, कोर्टाच्या आवारात. बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं व्हिडीओ कॉल.

म्हणून ज्यांच्या कागदावर अजून सही व्हायची आहे त्यांना हात जोडून सांगतो: घागर सोडा. वार लिहून घ्या, वेळ लिहून घ्या, जागा लिहून घ्या.

जागेचं मात्र लिहून घेऊनही भागत नाही. कोर्टाचं नाव लिहीत नाही, दोष तिथल्या लोकांचाही नाही. आवार म्हणजे व्हरांडा. बाकडं एकच, त्यावर जामिनाला आलेले लोक. पुकारा चाललेला, टायपिंगवाल्यांचा खडखडाट, प्यायच्या पाण्याची टाकी पलीकडच्या टोकाला. पहिले तीन शनिवार पोरगा त्याच्या मामाच्या पायामागून बाहेर आला नाही. मी येताना उजनीला थांबून बासुंदीचा डबा घ्यायचो, तो तसाच परत यायचा. चौथ्या शनिवारी मी तांब्याची तार, एक मोठा खिळा आणि सेल नेला. खाली फरशीवर बसलो आणि खिळ्यावर तार गुंडाळायला लागलो. तो हळूहळू जवळ आला. साठ टर्न त्यानं मोजले, सेल लावला, आणि फायलींतून पडलेल्या टाचण्या त्या खिळ्यानं उचलायला सुरुवात केली. अख्खा व्हरांडा टाचण्यांनी भरलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एका वकीलसाहेबांनी त्याला आपल्या फायलीतल्याही चार दिल्या. बासुंदी त्या दिवशी संपली.

पण त्याच व्हरांड्यातून एकदा बेड्या घातलेला माणूस नेला, तेव्हा त्यानं विचारलं, "पप्पा, तुम्हाला पण आत नेणार का?" वॉरंटचं त्याला कुणी सांगितलंय की त्यानं आपल्या मनानंच विचारलं, कळलं नाही. मी नाही म्हणालो.

मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळी जागा आहे. १९८४ च्या कायद्यानं दहा लाखांवर वस्तीच्या शहरात कौटुंबिक न्यायालय काढणं सरकारवर बंधनकारक आहे, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तसं. आमच्या तालुक्यांची वस्ती दहा लाख कधी होणार? वेगळं न्यायालय मी मागत नाही. प्रत्येक तालुका न्यायालयात एक खोली द्या, दाराला पडदा, खाली सतरंजी, पाण्याचा माठ. महिन्यातून दोन शनिवार उघडली तरी चालेल. सतरंजी आणि माठ मी देतो. खोलीत पंखा असेल आणि तो जळाला तर आयुष्यभर फुकट भरून देईन, हे इथं लिहून देतो.

आणखी एक. वेळा अमावस्या, म्हणजे आमचा रानातला येळवशीचा सण, शनिवार बघून येत नाही. येळवशीला आमच्या रानात कोप (कडब्याची खोप) घालतो, भज्जी-आंबील होते, भावकीची सगळी लेकरं 'ओलगे ओलगे' करत शिवारभर पळतात. माझ्या पोरानं ते शेवटचं पाहिलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नाही. त्या एका दिवसापुरतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, त्याला रानात न्यायची परवानगी मिळावी असा अर्ज मी दिला आहे. समोरच्या बाजूचं म्हणणं अजून दाखल झालेलं नाही. न्यायचं-आणायचं मी स्वतः करीन. तिच्या भावालाही सोबत यायचं असेल तर पंगतीत जागा आहे.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. मुलगा चौथीत आहे आणि त्याला आता पेपर वाचता येतो.

आपला,
एक वाचक
ता. औसा, जि. लातूर