तुम्ही मला जे विकलं नाहीत, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण म्हणजे तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. मध्यंतरी पुण्यात नाना पेठेतल्या गाडीच्या पार्टच्या दुकानावर आले तर काउंटरला नवा मुलगा. "काका गावी गेले, आता येत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे," एवढंच म्हणाला. गाव कुठलं विचारलं तर आधी फलटणकडं म्हणाला, मग दहिवडीकडं. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणी तुम्हाला ओळखत असेल तर त्यांनी हे वाचून दाखवावं. ओळखायची खूण सांगते. कानावर पेन्सिल, आणि गिऱ्हाइकाने कुठल्याही पार्टचं नाव घेतलं की कपाटाकडे न वळता पहिला प्रश्न: "कशावरनं?"

मी आठशेवाली ताई. ९२ सालची पांढरी मारुती, वडिलांची. माझं नाव तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण गाडीच्या कार्बोरेटरपासून चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, वायसरपर्यंत सगळं तुम्हाला पाठ होतं.

तुमच्याकडून मी बऱ्याच वस्तू घेतल्या. त्यांचे पैसे तिथल्या तिथे दिले, तो हिशोब फिटला. आभार मानायचेत ते तुम्ही देऊ केल्या नाहीत त्या वस्तूंचे.

पहिली म्हणजे वॉटर पंप, इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवतो तो. त्या उन्हाळ्यात गाडी हीट व्हायला लागली होती. एका गॅरेजने न उघडताच निदान केलं: रेडिएटर गेला, पंप गेला, हेड गॅस्केटही बघावं लागेल. आकडा ऐकून मी म्हटलं, निदान पंप तरी स्वतः आणून बसवू. तुम्ही विचारलंत, "कधी तापते? पळताना का उभी असताना?" मी सांगितलं, स्वारगेटच्या सिग्नलला काटा वर चढतो, कात्रजच्या रस्त्याला लागलं की खाली येतो. "मग पंपाला कशाला हात लावता? पळताना तापत नाही म्हणजे पाणी फिरतंय. वारा मिळत नाहीये तिला." मग तुम्ही बिलाच्या पाठीवर चित्र काढून दिलंत. आधी रेडिएटरच्या फॅनचा फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर चावी ऑन करून थर्मो स्विचच्या (पाणी तापलं की फॅन चालू करतो तो) वायरी काढा आणि एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर मोटर चांगली, स्विच मेला. आणि हात फॅनपासून लांब, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे दोनदा.

घरी येऊन तसं केलं. वायरी टेकल्या मात्र, फॅन भर्रकन सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी फक्त स्विच न्यायला आले तेव्हा तुमचे शेठ गल्ल्यावरून तुमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मला अजून आठवते. पंपाचं गिऱ्हाईक तुम्ही स्विचवर काढलं होतंत. पण शेठनाही हिशोब कळत असावा. त्यानंतर मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाही, आणि माझ्यासारखी माणसं तिथे रांगेत असायची.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पावसाळा नुकताच संपला होता आणि गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन अडखळत होतं. चढाला तर अगदी रडायची. मी कार्बोरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं, किट मागितलं. तुम्ही म्हणालात, "तिन्ही प्लग काढून आणा. कुठला कितव्या सिलिंडरचा ते लिहून आणा." मी ते, पेट्रोल पेटवायची ठिणगी पाडणारे प्लग, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पेनाने नंबर टाकून आणले. तुम्ही काचेवर ओळीने उभे केलेत. एक आणि तीन नंबरचे कोरडे, फिकट तपकिरी. दोन नंबरचा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. तुम्ही तो नाकाशी नेलात आणि मला म्हणालात, "कार्बोरेटर एकच आहे. तो तिघांनाही सारखंच वाढतो. त्याचं काही बिघडलं असतं तर तिघंही काळे झाले असते. एकट्याचंच वाढलेलं तसंच राहिलं, तर दोष त्याच्या ताटाशी आहे."

मग तपासायची रीत सांगितलीत. प्लग साफ करून दोनचा तीनला आणि तीनचा दोनला लावा, गाडी फिरवून आणा, परत काढा. काळेपणा प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. दोन नंबरच्या जागेचाच पुन्हा काळा निघाला तर वायर, नाहीतर डिस्ट्रिब्यूटरची कॅप, जिथून वायरींना करंट वाटला जातो, आणि तेही नसेल तर मग इंजिनाचं कॉम्प्रेशन. काळा निघालेला प्लग पुन्हा दोन नंबरच्या जागेचाच होता. तेव्हा तुम्ही शेवटचं सांगितलंत, ते मी मुद्दाम इथे लिहिते, कारण कुणाच्या तरी कामाला येईल. रात्री, पार्किंगचा दिवा घालवून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि नुसतं बघा. हात लावायचा नाही.

आमच्या सोसायटीचे जोशीकाकू-काका तेव्हा शतपावलीला खाली आले होते. त्यांना वाटलं, लाइट गेले. अंधारात मधल्या वायरीवरून इंजिनाच्या धातूवर बारीक निळी ठिणगी टिकटिक उडत होती. वायरीचं रबर तडकलेलं, आणि करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पळत होता. वायरींचा सेट आणला, लावला. त्या कार्बोरेटरला पुढे कित्येक वर्षं हात लावावा लागला नाही.

स्टँडवरून, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्यावरून, मात्र मी तुमच्यावर चिडले होते. ऑइल बदलायचं होतं, फिल्टर आणि चेंबरच्या नटाचा तांब्याचा वायसर मागितला. फिल्टर काउंटरवर आला, आणि तुम्ही विचारलंत, "गाडी कशावर उचलणार?" मी म्हटलं, जॅकवर. फिल्टर परत कपाटात. "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. समोरच्या दुकानातून दोन स्टँड आणा, मग देतो." स्टँड तुमच्या दुकानात मिळत नव्हते, म्हणजे तुमचा त्यात एक रुपयाचाही फायदा नव्हता. वर विटा लावीन म्हणायची सोय नाही, वीट कधी सांगून फुटत नाही, हेही ऐकवलंत. जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके, काढलेलं किंवा स्टेपनीचं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं आणि मगच खाली जायचं. आज मी गाडीखाली शिरते तेव्हा शेजारची पोरं जमतात, आणि त्यांच्यातला एक आता न सांगता स्टेपनी आणून सरकवतो.

फिल्टरचं तंत्रही तुमचंच. रबराच्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, हाताने जितका घट्ट होतो तितकाच करायचा, पाना लावायचा नाही. चेंबरचा नट आवळताना जोर दाखवायचा नाही, कारण आटे गेले की पंचाईत. निघालेलं काळं ऑइल गटारात ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्यायचं. वर्षानुवर्षं व्यवसाय म्हणून गाड्या दुरुस्त करणारी माणसंही यातलं निम्मं पाळत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ब्रेकचं सामान तुम्ही मला हातात दिलंच नाहीत. मागच्या चाकाचे लायनर मागितले तर "आधी व्हील सिलिंडर गळतोय का बघून घ्या, ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर का प्यायला ते कळल्याशिवाय नवा घालून उपयोग नाही. आणि हे काम घरी शिकायचं नाही." मिस्त्रीचा पत्ता दिलात, दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलायला सांगितलेत. ते मी आजही घरी करत नाही.

अलीकडची गोष्ट पेट्रोलची. सकाळी पार्किंगमध्ये गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायचा, खाली थेंब मात्र दिसायचा नाही. मी काही मागायच्या आधी तुम्ही म्हणालात, पेट्रोलच्या पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप काढून आणा. आणला. तुम्ही तो दोन्ही हातांत धरून वाकवलात, तेव्हा बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर आडव्या बारीक भेगा उघडल्या. टोकाशी, क्लिपच्या जागी, रबर फुगून मऊ झालेलं. नख रुतत होतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, हवेतलं पाणीही ओढून घेतं. ९२ साली पाइप बनवणाऱ्याच्या डोक्यात असलं पेट्रोल नव्हतं. तुम्ही नव्या पेट्रोलला चालणारा पाइप मापाने कापून दिलात, नव्या क्लिपा दिल्यात, आणि पंपातल्या रबरी पडद्यावर, डायफ्रामवर, लक्ष ठेवा म्हणालात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, हेही. इंजिनापाशी पेट्रोलचा पाइप फुटला असता तर काय झालं असतं, यावर मी फार विचार करत नाही.

आणि ओम्नी, मारुतीची व्हॅन. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी मला सांगितलं, आता विकून टाक, पार्ट मिळणार नाहीत. तुम्ही हसलात. "इंजिन ओम्नीचं तेच आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ओम्नी भाजीवाल्याकडे आहे, शाळेच्या मुलांना नेते, ॲम्ब्युलन्स आहे. ती रस्त्यावर आहे तोवर तुमच्या इंजिनाला मरण नाही." ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. गॅस्केट, टायमिंग बेल्ट, टॅपेटचं सामान अजून मिळतंय. नड येते ती बाहेरच्या वस्तूंची: काच वर-खाली करायचं हँडल, मागच्या दिव्याची काच, दरवाजाचं कुलूप. त्यासाठी तुम्ही मला रविवारी जुन्या बाजारात पाठवायचात आणि भाव किती सांगितला तर किती म्हणायचं, तेही पढवून पाठवायचात.

आरटीओचंही सांगून टाकते, कारण शेवटचं बोलणं त्यावरच झालं होतं. २०२२ ला नोंदणीची मुदत आणखी पाच वर्षं वाढवून मिळाली. दिल्लीच्या बाजूला असतो तर एवढ्या जुन्या पेट्रोलच्या गाडीला रस्ताच बंद. इथे गाडी धडधाकट दाखवता आली तर मुदत मिळते. फी मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केली. वर पर्यावरण कर. त्या पैशांत काय काय झालं असतं असं घरचे म्हणतात, आणि चुकीचं म्हणत नाहीत. जुन्या गाडीला एअरबॅग नाही, धूरही नव्या गाडीपेक्षा जास्तच. मी तिचं कौतुक डोळे मिटून करत नाही. लांबच्या प्रवासाला ती नेत नाही. मंडई, बँक, आईचा दवाखाना, एवढीच तिची धाव. पीयूसी पहिल्या फटक्यात पास होते, त्याचं श्रेय प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदलायला लावणाऱ्या माणसाला.

आता एक विचारायचंय. क्लचचं पेडल जड झालंय. नव्या मुलाने केबल काढून काउंटरवर ठेवली. मी ती घेतली नाही. घरी येऊन जुनी केबल खालच्या लिव्हरमधून सोडवली आणि आतली तार हाताने ओढून बघितली. लोण्यासारखी सरकते, कुठे अडकत नाही.  म्हणजे दोष बहुधा क्लचच्या आत आहे: प्रेशर प्लेट, बेअरिंग किंवा फोर्कचा शाफ्ट. बरोबर आहे ना? गिअरबॉक्स उतरवणं पार्किंगमध्ये होणारं काम नाही, आणि स्टँड कितीही असले तरी मी ते करणार नाही. तुम्ही ब्रेकसाठी ज्या मिस्त्रींकडे पाठवलं होतंत, ते अजून क्लचची कामं घेतात का? प्रेशर प्लेट जुनी काढल्यावर बघून घ्यायची, की प्लेट-बेअरिंगचा पूर्ण सेट आधीच नेऊन ठेवायचा? दुकानातल्या मुलाकडे निरोप ठेवलात तरी चालेल, मी शनिवारी तिथे जाणारच आहे.

गुडघ्यांची काळजी घ्या.

कळावे, लोभ असावा.

आठशेवाली ताई