मिक्सर बंद होता

प्रिय सुन्या,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, शिव्या घाल. पंधरा दिवस एकच अल्बम लावून बसलोय. गिटार वुल्फ या टोकियोच्या तिघांच्या रॉक बँडचा 'जेट जनरेशन', १९९९ चा. परवा आई आतून ओरडली, "अरे, मिक्सरचं भांडं नीट बसलंय का बघ!" मिक्सर बंद होता.

तिघंही वुल्फच बरं का. सेइजी गिटार वुल्फ, बिली बास वुल्फ, तोरू ड्रम वुल्फ. काळी लेदर जाकिटं, काळे गॉगल. या अल्बमसोबत ताकीदच दिली होती की हा आजवरचा सर्वांत मोठ्या आवाजाचा अल्बम आहे, नेहमीच्या आवाजात लावला तरी तुमचं यंत्र बिघडू शकतं. मला वाटलं, विकायची युक्ती. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी धावत जाऊन स्पीकरची वायर तपासली!

आवाज इतका वर चढवलाय की लाटांची टोकंच छाटली गेलीत. एरवी रेकॉर्डिंगवाले आवाजाच्या मीटरचा काटा लाल रेषेपाशी गेला की घाबरतात, यांनी तिथेच बिऱ्हाड केलंय. गिटार कुठे संपते आणि झांज कुठे सुरू होते, कळत नाही. 'फुजियामा अॅटॅक' ऐक, मग 'कुंग फू रमोन कल्मिनेशन टॅक्टिक' (नाव बघ लेका!). जुना अमेरिकन रॉकवाला एडी कॉकरन, त्याचं 'समरटाइम ब्लूज' पण आहे, पार हाडं मोडून ठेवलेलं. मधली दोन-तीन गाणी मला अजून वेगळी ओळखू येत नाहीत, आणि सलग ऐकलं की डोकं चढतं. तरी पुन्हा लावतोच.

सेइजी अमेरिकन गिटारवादक लिंक रेचा भक्त. त्या लिंक रेने १९५८ च्या 'रंबल' या गिटारच्या धुनेसाठी अॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती, आवाज फाटावा म्हणून. मुद्दाम! आणि आपण? तुझा स्पीकर फाटला तेव्हा कॉलेजच्या गॅदरिंगमधून नाव मागे घेतलं. त्याआधीचे दोन महिने तर ट्यूनिंगवरून भांडण्यातच गेले. तुझी वरची तार उतरलेली, माझा हेका की आधी सूर, मग गाणं. ते गाणं आलंच नाही. सेइजी तर कार्यक्रमात गर्दीतल्या कुणालाही स्टेजवर ओढून गळ्यात गिटार अडकवतो. त्याला येत असो वा नसो.

बिली २००५ मध्ये गेला रे, हृदयविकाराने. अडतीस वर्षांचा होता. हे वाचल्यापासून बासकडे जास्त कान जातो, पण त्या कल्लोळात तो सापडत नाही, नुसता छातीत जाणवतो.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा तो फाटका स्पीकर घेऊन ये, भंगारात दिला नसशील तर. दुरुस्त करून आणू नकोस.

तुझा,
मन्या

ता. क. : शेजारच्या काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय.